चट्टा ओळखणारी माणसं

वर्धा जिल्ह्यातला कुष्ठरोग मागे हटवायला डॉक्टर थोडे लागले; पायी आणि सायकलीने गावोगाव फिरणारी माणसं मात्र पुष्कळ लागली. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनची स्थापना झाली आणि डॉ. वारदेकरांच्या पुढाकाराने तिथे एक पद्धत आकाराला आली : सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. रुग्णाने दवाखान्यात यावं म्हणून वाट पाहत बसायचं नाही. आपणच घरोघर जायचं, घरातल्या प्रत्येकाचं अंग उजेडात पाहायचं, आजार समजावून सांगायचा आणि गोळ्या गावातच पोहोचवायच्या. पुढे देशाच्या कुष्ठरोग कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली. ती राबवणारे बहुतेक जण मॅट्रिकच्या आसपास शिकलेले, काही महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेले तरुण होते. सरकारी कागदांवर त्यांना कधी पॅरामेडिकल वर्कर म्हटलं गेलं, कधी अवैद्यकीय सहायक, तर कधी कुष्ठरोग तंत्रज्ञ. गावात त्यांना सरसकट ‘डॉक्टरसाहेब’च म्हणत.

त्यांचं कौशल्य नेमकं काय होतं, हे सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्या पानांचा धागा तिथेच आहे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तर तो सुरमा आहे, गजकर्ण आहे, जन्मखूण आहे की कुष्ठरोग आहे, हे ओळखायचं. खाज येते का विचारायचं. रुग्णाला डोळे मिटायला लावून चट्ट्याला पेनच्या टोकाने हलकेच स्पर्श करायचा आणि स्पर्श झाला तिथे बोट ठेवायला सांगायचं. कोपराच्या आतल्या बाजूची नस बोटांनी चाचपून ती जाड झाली आहे का, दाबल्यावर दुखते का, ते पाहायचं. सुनेचं अंग पाहायला सासू तयार नसते आणि चट्टा असलेला तरुण लग्न ठरेपर्यंत तोंड उघडत नाही, त्यामुळे अंगणात बसून आधी भलत्याच गप्पा मारायच्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बहुविध औषधोपचार आले आणि देशात ज्या मोजक्या जिल्ह्यांत ते सर्वांत आधी सुरू झाले त्यांत वर्धा होता. डॅप्सोनच्या वर्षानुवर्षांच्या गोळ्यांच्या जागी ठरावीक मुदतीचा उपचार आला खरा. पण त्यातल्या रिफाम्पिसिनने लघवी लाल होते आणि क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते. औषधानेच आजार वाढला असं वाटून माणसं गोळ्या चुलीत टाकत. लाल लघवी हे भिण्याचं कारण नाही आणि काळवंडलेला रंग औषध संपल्यावर हळूहळू उतरतो, हे पटवणारा माणूस नसता तर जिनिव्हातल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी ठरवलेली मात्रा तिथल्या फाइलींतच राहिली असती.

या मुलखात असं काम आधीपासून होत आलं आहे. १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम उभारणारे मनोहरजी दिवाण विनोबांचे सहकारी. ते डॉक्टर नव्हते. हिंगणघाटला जन्मलेले बाबा आमटे वकील होते. त्यांनी कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचा एक छोटा अभ्यासक्रम केला आणि मग वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं. वैद्यकाची पदवी नसलेल्या माणसांनी आरोग्याचं काम मनापासून आणि नीट शिकून केलं, असा हा मुलूख. आणि तरीही याच जिल्ह्यातल्या आमच्या आर्वीत बारावीचा निकाल लागला की ओट्यावर एकच प्रश्न ऐकू येतो : “डॉक्टर नाही झालं तं मंग काय करते आता पोरगं?”

हे पुस्तक त्या ‘मंग काय’ला उत्तर देण्यासाठी लिहिलेलं आहे. आर्वी, आष्टी, कारंजा या तीन तालुक्यांतली आठवी ते बारावीची मुलं-मुली आणि त्यांचे आईबाप हे त्याचे पहिले वाचक. कापूस-तुरीच्या कास्तकाराचं घर, दोन-तीन एकर संत्रा असलेलं घर, एस.टी. डेपोत नोकरी असलेलं घर, रोहण्याहून किंवा विरूळहून सकाळच्या गाडीने आर्वीच्या कॉलेजात येणारी पोर. या घरांतून आरोग्यक्षेत्राकडे पाहिलं की तीनच दारं दिसतात : डॉक्टर, नर्स आणि औषधांचं दुकान. पहिल्या दारावर नीटचं कुलूप, दुसऱ्यातून ‘मुलीच जातात’ असा समज आणि तिसऱ्याला भांडवल हवं. मग मुलगा पुण्याला कंपनीत लागतो, किंवा दोन वर्षं पुन्हा नीटच देत राहतो.

गंमत म्हणजे ही दारं मोजणारा जिल्हा आरोग्यशिक्षणात मुळीच मागासलेला नाही. वर्धा शहराच्या एका अंगाला सेवाग्राम. तिथे डॉ. सुशीला नायर यांनी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. दुसऱ्या अंगाला सावंगी (मेघे). तिथलं वैद्यकीय महाविद्यालय १९९० चं. एवढ्या लहान जिल्ह्यात अशी दोन मोठी शिक्षण रुग्णालयं क्वचितच सापडतील. आर्वीचा माणूस तिथे पेशंट म्हणून जातो, नातेवाईक म्हणून व्हरांड्यात झोपतो आणि परत येतो. डॉक्टरचं नाव त्याच्या लक्षात राहतं. रक्त काढणारी मुलगी, सीटी स्कॅनच्या काचेमागे बसलेला माणूस, ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देण्याचं यंत्र तपासून ठेवणारा, कागद शोधून देणारा, डायलिसिसच्या खुर्चीपाशी चार तास उभी असलेली बाई, ही सगळी त्याच्या लेखी ‘स्टाफ’ असते. प्रत्येकाचं शिक्षण वेगळं आहे आणि प्रत्येकाच्या कामाला स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

आता कायद्यानेही ही माणसं मोजली आहेत. २०२१ मध्ये संसदेने सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात दहा गट आहेत आणि त्यांत पन्नासहून जास्त व्यवसायांची नावं आहेत : प्रयोगशाळा, भूल आणि शस्त्रक्रिया तंत्र, फिजिओथेरपी, आहारशास्त्र, दृष्टितपासणी, ऑक्युपेशनल थेरपी, समुपदेशन, किरणोपचार, डायलिसिस, आरोग्य-नोंदी असं बरंच काही. पदविका किंवा पदवीसाठी किमान किती तासांचं शिक्षण हवं, हेही त्यात लिहिलं आहे : सहयोगी व्यावसायिकाला दोन हजार तास, आरोग्यसेवा व्यावसायिकाला तीन हजार सहाशे. ही यादी पुढे प्रकरणांतून येईलच, म्हणून इथे ती मोजत बसत नाही. मला थांबायचं आहे ते आपल्या भागाशी घट्ट जोडलेल्या काही कामांपाशी.

पहिलं सिकलसेलचं. विदर्भात हा आजार घरोघर आहे असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण गावोगाव आहे असं म्हणायला हरकत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जनुकातला हा बदल आई आणि बाप या दोघांकडून आला तर मूल आजारी होतं. लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, थंडीत किंवा अंगातलं पाणी कमी झालं की हाडं फोडून काढणाऱ्या वेदना होतात. एकाच पालकाकडून जनुक आलं तर माणूस वाहक असतो. तो बहुधा ठणठणीत असतो आणि त्याला आयुष्यभर याचा पत्ताही लागत नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक खेपेला चारांत एक शक्यता आजारी मुलाची. मागच्या दोन मुलांना काही झालं नाही, म्हणून तिसऱ्या वेळी ही शक्यता कमी होत नाही, की पहिलं आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुरक्षित ठरत नाहीत. हे वाक्य लिहायला सोपं आहे. ते विशीतल्या नवराबायकोला, बायकोच्या पोटात पाच महिन्यांचं बाळ असताना, कोणाच्याही खानदानावर बोट न ठेवता समजावून सांगणं हा एक व्यवसाय आहे. त्याला जनुकीय समुपदेशन म्हणतात. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचं उद्दिष्ट आदिवासी भागांतल्या चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं आहे. सात कोटी तपासण्या म्हणजे सात कोटी थेंब रक्त घेणारी बोटं, विद्राव्यता चाचणीत गढूळ दिसलेली नळी बाजूला काढणारे डोळे, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी यंत्रावर खात्री करणारे तंत्रज्ञ आणि शेवटी निकाल घेऊन घरी जाणारं कोणीतरी. यातली यंत्रं विकत आणता येतात. निकाल नीट सांगणारा माणूस आयात करता येत नाही, कारण त्याला वऱ्हाडी आली पाहिजे, काही ठिकाणी गोंडीही. नागपूरच्या संपत रामटेके यांनी घरातच हा आजार भेटल्यावर सिकलसेल रुग्णांची संघटना बांधली आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेही डॉक्टर नव्हते.

दुसरं काम कर्करोगाच्या नोंदीचं. कर्करोगाचा रुग्ण मोजायलाही माणूस लागतो, हे बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. मुंबईत १९६० च्या दशकात देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला पहिली ग्रामीण नोंदणी आली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांची ती नोंदणी. शहरात रुग्णालयांच्या फाइली चाळल्या की बरेचसे रुग्ण सापडतात. खेड्यात माणूस दवाखान्यात पोहोचतच नाही, मग फाइल कुठली? म्हणून बार्शीच्या क्षेत्रकार्यकर्त्यांनी गावात बसकण मांडली. अंगावरून जास्त जातं का, तोंडातली जखम भरत नाही का, छातीत गाठ लागते का, असं विचारत फिरले आणि संशय आला त्याला रुग्णालयात आणलं. मोजण्यासाठी निघालेली माणसं अशी निदानही लवकर करू लागली. आज सेवाग्रामलाही वर्धा जिल्ह्याची कर्करोग नोंदणी चालते. विड्या-खर्रा आणि तोंडाचा कर्करोग याविषयी आपण चहाच्या टपरीवर जे ठोकून देतो, ते खरं की खोटं, हे अशा नोंदींवरूनच कळतं. आकडेवारीत रमणाऱ्या पण गावात फिरायलाही न कंटाळणाऱ्या मुलीसाठी याहून चांगलं काम मला तरी सुचत नाही. संख्याशास्त्र, समाजकार्य किंवा सार्वजनिक आरोग्य, तिन्ही वाटांनी इथे पोहोचता येतं.

याला जोडून मुंबईचा एक अनुभव सांगतो, कारण त्याने तज्ज्ञांच्या बऱ्याच समजुतींना धक्का दिला. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास केला. तपासणी म्हणजे काय, तर पातळ ॲसेटिक आम्ल, व्हिनेगरच म्हणा, कापसाच्या बोळ्याने लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं. तपासणाऱ्या स्त्रिया दहावीच्या आसपास शिकलेल्या होत्या. त्यांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं होतं आणि त्यांनी सांगितलेलं निदान तज्ज्ञांच्या निदानाशी ताडून पाहिलं जात होतं. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला : तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या स्त्रियांना ही तपासणी दिली नव्हती, यावर पुढे वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण दहावी शिकलेल्या बाईचे डोळे नीट शिकवले तर ते जीव वाचवू शकतात, ही गोष्ट त्या वादाने खोटी पडत नाही. वर्ध्याच्या चट्टा ओळखणाऱ्या माणसांनी तेच चाळीस वर्षं आधी दाखवलं होतं. फक्त त्यांची बातमी जगभर गेली नाही.

बातमी कोणाची होते, हा मुद्दा निघालाच आहे तर जयपूर फूटविषयीही बोलू. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो रबरी पाय तयार झाला. डॉ. प्र. क. सेठी यांना त्यासाठी १९८१ मध्ये मॅगसेसे मिळाला, आणि योग्यच मिळाला. पण तो पाय हाताने घडवणारे रामचंद्र शर्मा हे कारागीर होते, फारसं न शिकलेले. कृत्रिम अवयव आणि आधारसाधनं बनवण्याचं शास्त्र आज पदवीपर्यंत शिकता येतं. मुंबईच्या हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत ते शिकवतात. ही संस्था १९५५ ची. मळणी यंत्रात हात गेलेला, रस्त्यावर ट्रकखाली पाय गेलेला, सापाच्या विषाने बोटं सडलेली, असे रुग्ण आपल्या तालुक्यात नवे नाहीत. कुष्ठरोग्यांसाठी खास चपला होत्या, मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या. त्यांत एकही खिळा नसे, कारण बधिर पायाला खिळा टोचलेला कळत नाही आणि जखम हाडापर्यंत जाते. त्या चपला बनवणारे हात आता कमी झाले. मात्र मधुमेहाने बधिर झालेले पाय वाढले आहेत आणि त्यांना तशीच चपल लागते. मापं घ्यायला, साचा काढायला, दाब कुठे पडतो ते पाहून तळ कापायला आवडेल असा मुलगा आर्वीच्या एखाद्या चर्मकाराच्या घरात आज बसलेला असेल. त्याला कोणी हे सांगितलेलं नाही, याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. वडिलोपार्जित कसब आणि विज्ञानाची पदवी यांची इतकी सरळ गाठ पडावी अशी जागा दुसऱ्या क्षेत्रात क्वचितच सापडते.

यंत्रांची आवड असलेल्यांसाठी तर हे क्षेत्र भरलेलं आहे, पण तिकडे कोणी वळत नाही. विदर्भाचा मे महिना घ्या. बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा, गावात वीज गेलेली आणि आरोग्य केंद्रातल्या आईस लाइन्ड रेफ्रिजरेटरमध्ये लसी. त्या दोन ते आठ अंशांतच राहिल्या पाहिजेत. उन्हाने लस खराब होते हे सगळ्यांना ठाऊक असतं. थंडीनेही होते, हे शीतसाखळीत काम करणाऱ्यालाच ठाऊक असतं. हिपॅटायटिस बी किंवा त्रिगुणी लस गोठली तर पुन्हा वितळवून उपयोग नाही. बाटली हलवून, काही वेळ स्थिर ठेवून, तळाशी गाळ किती लवकर बसतो हे पाहून ती ओळखावी लागते. फ्रीज दुरुस्त करणारा आयटीआयचा मुलगा इथे थोडं जास्त शिकून शीतसाखळी तंत्रज्ञ होऊ शकतो. इलेक्ट्रॉनिक्सची पदविका केलेली मुलगी बायोमेडिकल उपकरणांकडे वळू शकते : व्हेंटिलेटर, नवजात शिशूंचे वॉर्मर, ईसीजी. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर ठिकठिकाणी हवेतून प्राणवायू वेगळा करणारे प्रकल्प उभे राहिले. उद्घाटनाचे फोटो छापून आले. पण प्रकल्प रोज चालवायचा, शुद्धता मोजायची, फिल्टर बदलायचे, हे माणसाचं काम आहे आणि तो माणूस नसेल तर प्रकल्प म्हणजे निव्वळ टीनाची शेड.

भौतिकशास्त्र आवडणाऱ्या हुशार मुलांना इथे एक वाट खास सांगतो, कारण बी.एस्सी.-एम.एस्सी. म्हणजे शेवटी शिक्षकी, असा आपल्याकडचा ठोकताळा आहे. कर्करोगावर किरणोपचार देताना गाठीवर किती मात्रा पडेल, शेजारच्या मज्जारज्जूवर किती, खोलीची भिंत किती जाड हवी, हे वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ ठरवतो. भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६२ पासून एम.एस्सी.नंतरची एक वर्षाची पदविका यासाठी आहे. किरणोपचाराचं केंद्र अशा माणसाशिवाय चालवताच येत नाही; अणुऊर्जा नियामक मंडळाचा तसा नियमच आहे. संख्या थोडी, जबाबदारी मोठी, आणि चूक झाली तर ती रुग्णाच्या अंगावर उमटते.

अवयवदानाचं काम अगदी वेगळ्या जातीचं. नागपूरला विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्र आहे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रत्यारोपण समन्वयक हे पद बंधनकारक झालं. मेंदूमृत्यूचं निदान चार डॉक्टरांचं मंडळ करतं, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा. त्यानंतर नातेवाईकांशी कोण बोलतं? समन्वयक. हृदय धडधडत असलेलं मॉनिटरवर दिसतंय, हाताला ऊब आहे आणि तरी माणूस गेला आहे, हे आईला सांगायचं. मग विचारायचं. त्या नाही म्हणाल्या तर नमस्कार करून उठायचं आणि पुन्हा विचारायचं नाही. हो म्हणाल्या तर कागद, पोलीस, शवविच्छेदन, रुग्णवाहिका आणि रस्ता मोकळा करणं, हे सगळं घड्याळाशी स्पर्धा करत उरकायचं. हृदयाला जेमतेम चार तास मिळतात. या पदाला डॉक्टरच हवा किंवा नर्सच हवी अशी अट नाही. पदवीधर चालतो आणि समाजकार्य, समाजशास्त्र असे विषय शिकलेल्यांना प्राधान्य आहे. कला शाखेला ‘काहीच स्कोप नाही’ म्हणणाऱ्या काकांना हा परिच्छेद वाचून दाखवावा.

बाकीच्या वाटांची नुसती नोंद करतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या टेबलामागचे आरोग्यमित्र : राशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून अडलेली शस्त्रक्रिया त्यांच्याच हातून सुटते. ऑडिओलॉजिस्ट आणि वाचा-उपचारतज्ज्ञ : दोन वर्षांचं पोर हाक मारल्यावर वळत नाही, हे वेळीच पकडतात. वैद्यकीय नोंदींचे तंत्रज्ञ : सगळं संगणकावर गेल्यापासून त्यांचं काम संपलं असं लोकांना वाटतं, प्रत्यक्षात ते आता कुठे सुरू झालं आहे. १०८ रुग्णवाहिकेचा चालक, ज्याला त्या सेवेत ‘पायलट’ म्हणतात. २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी ही सेवा राज्यात सुरू झाली आणि आर्वी-वर्धा रस्त्यावर रात्री दोन वाजता तिच्या चाकामागे कोण बसलं आहे, याला फार महत्त्व असतं.

आता जी गोष्ट अशा पुस्तकांत सहसा गाळली जाते ती. यांतल्या पुष्कळ जागा कंत्राटी आहेत. राष्ट्रीय आरोग्य अभियानातले तंत्रज्ञ आणि समुपदेशक वर्षानुवर्षं अकरा महिन्यांच्या करारावर काम करतात, एक दिवस खंड पाडून पुन्हा रुजू होतात, आणि कायम करा म्हणून मुंबईला आझाद मैदानात बसतात. आशा सेविकेला २००५ पासून सरकार ‘स्वयंसेविका’ म्हणत आलं आहे, म्हणजे पगाराऐवजी मोबदला. कुष्ठरोग कार्यक्रमाचंच पाहा. डिसेंबर २००५ मध्ये देशाने जाहीर केलं की दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण उरले, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोग संपला. त्यानंतर चट्टा ओळखणाऱ्यांच्या जागा आटत गेल्या. ज्यांच्या बोटांना नस जाड झालेली कळत होती, ते निवृत्त झाले आणि त्या जागी त्या तोडीचं कोणी आलं नाही. नवे रुग्ण मात्र अजून निघतातच. म्हणून मी कोणाला ‘उज्ज्वल भवितव्या’चं आमिष दाखवणार नाही. खासगी रुग्णालयात सुरुवातीचा पगार कमी असतो आणि रात्रपाळी चुकत नाही. पण हे काम शिकलेला माणूस सेवाग्रामला लागतो, नागपूरला लागतो, आखातात लागतो, आणि मन झालं तर आर्वीला परत येऊनही त्याच्या हाताला काम मिळतं. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन परत आलेल्या मुलाला ते मिळत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट फसवणुकीची. तालुक्याच्या गावात दोन खोल्यांत ‘पॅरामेडिकल इन्स्टिट्यूट’चा बोर्ड लागतो. सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन, वर्षात ओटी टेक्निशियन, नोकरीची हमी. पोरं पन्नास-साठ हजार भरतात आणि हातात येतो तो कागद कोणतीही परिषद मानत नाही. महाराष्ट्रात नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे अभ्यासक्रम आहेत, त्यांतला बी.पी.एम.टी. (पॅरामेडिकल तंत्रज्ञानाची पदवी) शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतही चालतो. सेवाग्राम-सावंगीकडेही स्वतःचे अभ्यासक्रम आहेत. श्रवण, वाचा आणि कृत्रिम अवयवांच्या शिक्षणाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता लागते. गवळाऊ बैल घेताना आर्वीचा कास्तकार दात पाहतो, खूर पाहतो, दोन तास चालवून पाहतो. कॉलेजची फी भरताना तोच माणूस नुसता बोर्ड पाहतो.

तेव्हा प्रवेशाच्या टेबलापाशी बसण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात, असं या पुस्तकाच्या लेखकांचंही म्हणणं आहे आणि माझंही. या पदवीची नोंदणी कोणत्या परिषदेत होते आणि तुमच्या संस्थेचं नाव तिच्या यादीत आहे का? शिकवताना मुलं कोणत्या रुग्णालयात, किती खाटांच्या, किती महिने उभी राहतात? आणि मागच्या वर्षी इथून निघालेली मुलं आज कुठे काम करतात? त्यांतल्या दोघांना भेटता येईल का? तिसऱ्या प्रश्नाला ‘आमच्याकडे यादी आहे, नंतर देतो’ असं उत्तर आलं, तर पैसे खिशातच ठेवून उठावं आणि समोरच्या स्टँडवरून वर्ध्याची गाडी धरावी. सेवाग्रामच्या रुग्णालयात चौकशीची खिडकी आहे आणि आत काम करणारा एखादा माणूस चहाच्या वेळेत दहा मिनिटं बोलायला सहसा तयार असतो. त्याला पगारसुद्धा विचारावा.